दारातली हाक

जुने शहर, अकोला
४ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,
सहदेवमामाचे अ. आ. वि. वि.

पत्र पाहून तुले हसू येईल. पण कानाचं यंत्र लावूनही मले आता फोनवर नुसती घरघर ऐकू येते, म्हणून लिहून राहिलो. मी बरा आहे. तुझी मामी गेल्यापासून श्यामच स्वयंपाक करते. पोरगा जीव लावते, पण भाजी खारट करते.

त्यानं परवा टीव्हीवर तो जुना काळा-पांढरा पिक्चर लावून देल्ला. दुकानातले फुलांचे हार लवकर खपले की मी अन् मामी तोच पाहाले जात होतो. चित्र सारं दिसलं, आवाज काहीच नाही. तू आवाजाचं शिकली, अमरावतीत त्याचंच काम करते, म्हणून विचारतो. नवरा घर सोडून निघते, बायको दारात उभी राहते अन् मांगून हाक मारते. ते हाक कशी आहे? तेवढी मले लिहून धाड.

तुझ्या आईले खुशाली सांग. मामावरची माया पातळ करू नको.

तुझा
सहदेवमामा


अमरावती
११ जानेवारी २०२५

ती. सहदेवमामांस,
अपेक्षाचा सा. न.

पत्र मिळालं. आई बरी आहे. श्यामदादाने मीठ मुठीने नाही, चमच्याने टाकावं, असं तिने सांगितलं आहे.

चित्रपट हेडफोन लावून ऐकला. त्या प्रसंगात कॅमेरा घराच्या आत आहे. त्यामुळे बायको पाठमोरी, नुसती काळी आकृती. चौकटीपलीकडचं अंगण इतकं उजळ, की नवरा चालता चालता त्या पांढऱ्यात विरतो. तिच्या चेहऱ्यावर दिवा टाकायचा मोह छायाचित्रकाराने टाळला, हे मला फार आवडलं. संगीत नाही. रहाटाची कुरकुर, लांबवर कोंबडा, त्याच्या वहाणा. तो अंगणाच्या कडेला पोचतो आणि रहाट थांबतो. पुढे फक्त जुन्या ध्वनिपट्टीची खरखर.

हाक नाही, मामा. प्रत कापलेली असेल म्हणून दुसरी मिळवली. तिच्यातही नाही. ती हाक मारत नाही, हाच तो प्रसंग आहे. तुम्हाला आवडेल असं लिहिता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

तब्येतीला जपा. राग आला तरी पत्र लिहा.

आपली
अपेक्षा


जुने शहर, अकोला
१९ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,
अ. आ.

राग आलाच. श्यामले म्हटलं, ही पोरगी शिकून शिकून बहिरी झाली.

मंग जेवता जेवता घास थांबला. हाक मारे ते तुझी मामी होती. टॉकीजमधी ती पडद्याशी बोले. सासूले शिव्या दे, हिरोइनीले पदर सावर म्हणे. अन् त्या जागी दरवेळेस त्या नवऱ्याले हाक मारे, की बापू, मांगं पाह्य ना एकदा. मांगचे लोक खेकसत. मले लाज वाटे, मी तिचं मनगट दाबून तिले गप्प करत होतो.

शब्द आठवते, आवाज आठवत नाही. पिक्चरमधी असता तर कोठंतरी राहिला असता. लहानपणी तू तिच्यापाशीच राहिली. रहाटाचा लिहिला तसा तिचा आवाज लिहून धाड. खोटं लिहू नको.

तुझा
मामा


अमरावती
२६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न.

मामीचा आवाज कुठेच ध्वनिमुद्रित नाही. तुमच्या रागिणीताईच्या लग्नाची सीडी तपासली, तिच्यावर नुसता बँड आहे. म्हणून आठवतं तेवढंच लिहिते.

आवाज जाड, बायकांच्या मानाने खालचा. सकाळी घोगरा. हाकेची सुरुवात दरडावल्यासारखी व्हायची, पण शेवटचा स्वर ती सोडत नसे. तो वर जाऊन तिथेच थांबे, उत्तर येईपर्यंत. रागावली की आवाज चढायचा नाही, उतरायचा. हसताना आवाज नसेच, फक्त श्वास.

हे लिहून झाल्यावर मायक्रोफोनसमोर तशी हाक मारून पाहिली. जमली नाही. पुसून टाकली.

येत्या रविवारी येते. तो प्रसंग दोघं मिळून पाहू. रहाट थांबल्यावर तिथे खरखरीशिवाय कुणालाच काही ऐकू येत नाही. तेवढा वेळ तुमचे आणि माझे कान सारखेच.

बाकी भेटीत. लोभ आहे, तसाच असू द्या.

आपली
अपेक्षा