आवाज नंतर बघू

३ जानेवारी, सकाळी
संकल्प केला. बाबांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. पुसला, जोडला, पहिल्याच फटक्यात चालू! त्यात बाबांचा व्हिडिओ आहे. पाण्याची मोटर कशी लावायची ते आईला समजावतायत. शूटिंग आईचंच. आई म्हणाली, शेवटी ते काहीतरी बोलले आणि मी इतकी हसले की कॅमेरा हलला. काय बोलले तेच आता आठवत नाही, तेवढं एकदा ऐकव. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. एवढीशी मागणी. रविवारपर्यंत होईल.

३ जानेवारी, संध्याकाळी
त्यातला प्लेअर ती फाइल उघडत नाही. ताईचा फोन. म्हणाली, डिस्क काढून दुकानात दे, ते फाइल लॅपटॉपवर घेऊन देतील. मी म्हटलं, त्यात कौशल्य काय? ती म्हणाली, कौशल्य मागितलंय कुणी? ताईला तंत्रज्ञानातलं सौंदर्य कधी कळलंच नाही. त्या काळातल्या एका ओपन सोर्स प्लेअरचा कोड मिळालाय. तो मी याच मशीनवर कंपाइल करणार, म्हणजे कोडमधून चालता प्लेअर बनवणार. बाबांच्या मशीनवर बाबा!

११ जानेवारी
रविवार गेला. प्लेअरला एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, लागते. तिला दुसरी लागते. दुसरीला आवाजासाठी तिसरी. मारुतीचं शेपूट. तिसरी ज्याने लिहिली त्याची वेबसाइट बंद. त्याला मेल टाकला, जरा कडक शब्दांत.
आईने विचारलं, झालं का? म्हटलं, पाया झाला.

१९ जानेवारी
मधले दिवस सर्दी.
जुन्या मशीनवाल्यांच्या फोरमवर सविस्तर प्रश्न टाकला. एकच उत्तर आलं: "कशासाठी?" या क्षेत्रात असूया फार.

२७ जानेवारी
आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, आता सुधारणा नाही, आहे तेवढं सांभाळायचं. समोर माणूस आहे हे कळेल, चेहरा कळणार नाही. फार वाईट वाटलं. घरी येऊन जिद्दीने स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवला.
डिस्कमधून टकटक येते. ताईला फोनवरसुद्धा ऐकू गेली. म्हणाली, आधी फाइल तरी बाहेर काढ. मी समजावलं की जुन्या मशीनला स्वभाव असतो. तिने फोन ठेवला.

४ फेब्रुवारी
दिवसभर कंपाइल चाललं. पंखा असा घरघरत होता की शेजारच्या काकूंनी येऊन मिक्सर बंद करायला सांगितलं. शेवटी एरर. एरर सगळे आवाजाच्या भागातले. त्या तिसऱ्या लायब्ररीवाल्याला दुसरा मेल. आणखी कडक.

५ फेब्रुवारी, सकाळी
आंघोळ करताना सुचलं! आवाजाचा भागच बंद करून टाकायचा. एक ओळ बदलली. एकही एरर नाही! मांजराच्या गळ्यात घंटा बांधली शेवटी. आवाज नंतर बघू, आधी चित्र. इंजिनिअरिंग म्हणजे काय, तर कशाला आधी महत्त्व द्यायचं ते कळणं. हे वाक्य पुढे कुठेतरी मुलाखतीत वापरायचं.

८ फेब्रुवारी
प्रीमियर. ताईला मुद्दाम बोलावलं. आई केस विंचरून समोर खुर्चीत बसली. फाइल उघडली आणि बाबा! हिरवट, चौकोनी चौकोनी, पण बाबाच. कोपऱ्यात मी वेगाचा आकडा लावून ठेवला होता. सेकंदाला अकरा चित्रं! या मशीनवर अकरा! मी ओरडलोच.
आईने विचारलं, सुरू झालं का? मग विचारलं, बोलतायत का? मी सांगितलं की आवाज दुसऱ्या टप्प्यात आहे. आई म्हणाली, मग काय म्हणतायत ते तू बघून सांग. घाईघाईत ठोकून दिलं, "मोटर बंद करायला विसरू नकोस."
आई म्हणाली, याला मी हसले नसते.

९ फेब्रुवारी, सकाळी
हार मानणार नाही. आवाजासकट कंपाइल पुन्हा लावलं. डिस्कची टकटक थांबली आहे. शुभ लक्षण.

९ फेब्रुवारी, दुपारी
स्क्रीन काळी. डिस्कच गेली. टकटक थांबली ती कायमची.

१३ फेब्रुवारी
ताई डिस्क घेऊन त्याच दुकानात गेली. काही निघणार नाही म्हणाले. महिन्यापूर्वी आणली असती तर निघालं असतं, असंही म्हणाले. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर उत्तरं तयार होती.
तिसऱ्या लायब्ररीवाल्याचा मेल आला. आजारी होता. उशिराबद्दल माफी मागितली आहे. लायब्ररीची फाइल जोडली आहे.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
आईने जवळ बसवून घेतलं. जाऊ दे म्हणाली. मग म्हणाली, शेवटी त्यांचे ओठ कसे हलत होते, तेवढं करून दाखव. दिसत नाही म्हणून तिने माझ्या ओठांवर बोटं ठेवली. मी ओठ हलवले. ती म्हणाली, परत कर. परत केले तर वेगळेच हलले. तिच्या ते लक्षात आलं. तिने बोटं काढून घेतली आणि पदराला पुसली.
बाबा बोलत होते तेव्हा मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होतो.