हवामान निरभ्र, बाबा बेपत्ता

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून साष्टांग.) तुझे गुडघे कसे आहेत? काठी वापरतेस, की अजून दाराआडच उभी करून ठेवली आहेस? इकडे सगळे खुशाल आहेत, आणि हे वाक्य मी रीत म्हणून लिहीत नाही. मंगळवारी दुपारी तासभर सगळे खुशाल आहेत की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता बाबा शेजारच्या खोलीत घर हलेल अशा शिंका देतायत आणि त्या ऐकून मला इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू! तू फोनला हात लावत नाहीस, म्हणून सगळं कागदावर सविस्तर लिहितोय.

मूळ पाप माझंच. गेल्या वर्षी बाबांना बाजारात भोवळ आली आणि ते दीड तास एका चप्पलवाल्याच्या दुकानात बसून होते, आठवतंय ना? (त्या भल्या माणसाने त्यांना पाणी दिलं, आणि एक नंबर मोठे बूटही.) तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फोनसाठी ॲप बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा; तेव्हा बाबा आंघोळीला गेलेले बघून मी माझं एक ॲप त्यांच्या फोनमध्ये घातलं. ते कुठे आहेत हे माझ्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसायचं. संशय नको म्हणून त्याचं नाव ठेवलं 'हवामान', वर ढगाचं चित्र. कधी उघडलंच तर काहीतरी दिसायला हवं, म्हणून आत एकच वाक्य लिहून ठेवलं: 'आज आकाश निरभ्र आहे.' बाबांनी त्यावर विश्वास ठेवला गं! चार वेळा चिंब भिजून आले. पाचव्या वेळी सर्दी झाली, तेव्हा त्यांनी त्या हवामानवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मी (म्हणजे सातातली एक पिढी) मान खाली घालून त्यांना वाफ घ्यायला गरम पाणी आणून दिलं.

आता नवी भानगड. फोन आतून ज्या यंत्रणेवर चालतो ती दरवर्षी नवी येते आणि तिच्यात काय काय बदललं ते आम्हा ॲपवाल्यांना आधी शिकावं लागतं. यंदाचा मोठा बदल असा, की एखादं ॲप तुमच्या मागावर असेल तर फोन स्वतःच चहाडी करतो: अमक्याने तीन दिवसांत इतक्या वेळा तुम्ही कुठे आहात ते पाहिलं, चालू द्यायचं का? हे वाचून मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या. साहेबांनी मग मलाच त्यावर बोलायला उभं केलं. काचेच्या खोलीत अकरा जणांसमोर मी तावातावाने सांगत होतो, की माणसाला न विचारता त्याच्यावर पाळत ठेवणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे, आणि ही नवी यंत्रणा आज सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर जाते आहे. 'सगळ्यांच्या' म्हणताना माझी जीभच अडखळली. शपथ सांगतो आत्या, त्या सगळ्यांत बाबाही येतात हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन काढून बघतो तर ठिपका नदीच्या पुलावर, बरोब्बर मधोमध, आणि वीस मिनिटं जागचा हललेला नाही. फोन लावला. वाजतोय, पण उचलत नाहीत.

कसा धावलो ते विचारू नकोस. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात फळ्यावर लिहायचा पेन, आणि पुलावर बाबा नाहीतच. कठड्यावरून वाकून खाली पाणी बघितलं. तिथे एकजण मासे पकडत बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, टोपीवाले आजोबा ना? इथे थांबले, चष्मा लावून फोन दोनदा वाचला, बटण दाबलं, एकटेच हसले आणि घराकडे गेले. म्हणजे फोनने विचारलं, बाबांनी 'नाही' दाबलं आणि ठिपका तिथेच अडकून पडला! मी कठडा धरून खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो. त्या माणसाने गळ बाजूला ठेवून मला पाणी दिलं. (परक्यांच्या हातचं पाणी आमच्या घराण्याच्या नशिबातच दिसतंय.) घरी आलो तर दार बाबांनीच उघडलं आणि विचारलं, "काय, आज आकाश कसं आहे?"

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. माझा फोन त्यांनी मुद्दाम वाजू दिला होता. तुला ठाऊकच आहे, तुझ्या भावाने सर्व्हेअर म्हणून जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. पण मोजणीची साखळी टाकण्याआधी प्रत्येकाला नोटीस दिली, असं त्यांचं म्हणणं. "चारशे बारा वेळा पाहिलंस, एकदा विचारलं नाहीस. फोनने विचारलं." पण ते धडधाकट समोर उभे राहून खणखणीत आवाजात मला झापत होते, याचाच मला इतका आनंद झाला की मी मध्येच हसलो, आणि झापणं आणखी पंधरा मिनिटं लांबलं.

काकांना नमस्कार. काठी वापर.

तुझा ढगवाला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. बाबा ऐकतात ते तुझं एकटीचंच. त्यांना जरा दरडावून 'चालू द्या' दाबायला लाव. त्यांच्या फोनला मी आता हात लावणार नाही, पण जीव काही राहत नाही. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

आणखी एक. हे पत्र पेटीत टाकायला बाबांकडेच देतोय, ते रोज पुलापलीकडे फिरायला जातातच. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

अक्का, अक्षर ओळखलंस ना? पोराने पाकीट चिकटवलेलं नव्हतं. न विचारता वाचलं. आमच्या घरात हल्ली तशीच पद्धत आहे. पुलावर बसून रडला हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, उन्हाने डोळे लाल झालेत. 'चालू द्या' दाबलं आहे, मुद्दाम पुलाच्या मधोमध उभं राहून. ठिपका अडकला होता तिथूनच सुटू दे. तू त्याला रागवायचं मात्र सोडू नकोस. आता पेटीपर्यंत जातो. ढग म्हणतोय आकाश निरभ्र आहे, तेव्हा छत्री घेतली आहे.