शब्द बदलून दे

प्रिय धाकट्या,

तुझ्यावर मी भयंकर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खुशालीच्या चार ओळी शोधत बसू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू हसतोस आणि विषय बदलतोस. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

तुझं ते गाणं. ‘नाही नाही म्हण कितीही, उचलून नेईन, उचलून नेईन.’ दोन वर्षं झाली, तरी जायचं नाव घेत नाही. किराण्याच्या दुकानात तेच, दातांच्या डॉक्टरकडे मी तोंड वासून पडले होते तिथेही तेच. आणि मी चालवते त्या शाळेच्या बसमध्ये तर रोज. ‘उचलून’ आलं की मागच्या बाकावरची पोरं पुढच्या मुलीची वेणी ओढतात, कारण व्हिडिओत तो तुमचा हिरो तसंच करतो. दुसरीतली एक चिमुरडी रडत सांगत होती की नको नको म्हटलं तरी ओढतात, आणि ओढणारं कार्टं मला म्हणतं कसं, की काकू, गाण्यातच आहे तसं. मी बस कडेला घेतली, सगळ्यांना झाप झाप झापलं, गाणं बंद केलं. आणि पुढच्या सिग्नलला बघते तर माझीच बोटं स्टिअरिंगवर तुझा ठेका धरून बसलेली. अख्खी बस खो खो हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी गोड चाल तुला सुचली, आणि तिच्यात तू हे भरलंस? दुसरं काहीही लिहिलं असतंस तरी लोक नाचलेच असते. शब्द कोण ऐकतंय, असं तू मला ऐकवतोस. दुसरीतली पोरं ऐकतात रे.

बाबांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे मिटून पूर्ण ऐकून घेतलं होतं, आठवतंय ना? चाल सुरेख आहे म्हणाले, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं म्हणाले. त्यावर तू त्यांना जुन्या काळातला माणूस म्हणालास आणि त्यांनी तुझ्याशी अबोला धरला. उभा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलेला माणूस तो. एकेका गावाचं नाव असं उच्चारायचे की झोपलेला प्रवासीसुद्धा आपली पिशवी उचलायचा. शब्द हलका पडलेला त्यांना खपायचा नाही. हट्टीपणात तूही त्यांच्यावरच गेलेला. तेव्हापासून घरी तुझा फोन येतो तो फक्त आईला.

आईने तुला त्यांच्या अर्धांगाच्या झटक्याचं सांगितलं, आणि आता बरे आहेत असंही सांगितलं. तुला कामात त्रास नको म्हणून ती खोटं बोलली. पाय सुधारलाय, काठी टेकत बाथरूमपर्यंत जातात. पण वाचा गेली आहे. त्यांना सगळं कळतं, माणसं ओळखतात, पेपर उघडून बसतात, फक्त शब्द तोंडाशी येत नाही. तुझ्याशी धरलेला अबोला आता सोडायचा म्हटलं तरी त्यांना सोडता येत नाही.

मागच्या आठवड्यात, बोलायला शिकवणाऱ्या बाई त्यांना चित्रं दाखवत होत्या. कप, चावी, खुर्ची. बाबा घामाघूम, आणि तोंडून नुसतं ब, ब. तेवढ्यात खालच्या गॅरेजमध्ये तुझं गाणं लागलं, आणि बाबा गायला लागले. स्वच्छ, सुरात, अख्खी ओळ, आणि तीही त्या बाईंच्या डोळ्यांत बघत! उचलून नेईन म्हणे! मी लाजेने अर्धी झाले. मग स्वतःचाच आवाज ऐकून बाबा रडायला लागले आणि आई रडता रडता हसायला लागली. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज घरात ऐकू आला, आणि आला तो तुझ्या त्या मेल्या गाण्यातून. मला अतोनात आनंद झाला आणि तुझ्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

बाई म्हणाल्या, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. चाल तीच ठेवून तिच्यात गरजेचे शब्द बसवले आणि ते रोज गाऊन घेतले, तर हळूहळू बोलणंही येईल. मी बसले लिहायला. ‘पाणी द्या’ कुठेच बसेना, ‘पाठ दुखते’ लांबायला लागलं. बाबांनी असा चेहरा केला की मीच कागद फाडून टाकला. मला बस चालवता येते, गाणी लिहिता येत नाहीत.

म्हणून हे पत्र. शब्द बदलून दे, आणि पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पाणी लिही, पाठ लिही, दिवा बंद करा लिही, आईला हाक मारायला काहीतरी लिही. पण त्याआधी एक वेगळंच हवंय. सकाळी बाबांना अंघोळ घालायला एकजण येतो, स्वभावाने चांगला आहे बिचारा. काल पाणी फार कढत होतं. बाबांना ते नको होतं, आणि ‘नाही’ हा शब्द त्यांच्याकडे फक्त तुझ्या ओळीत शिल्लक आहे. म्हणून ते गायले, नाही नाही म्हण कितीही. तो माणूस खूश झाला, पुढचं त्याने स्वतःच म्हटलं आणि दुसरा तांब्या ओतला. बाबा गात राहिले, तो ओतत राहिला. पाठ अजून लाल आहे. तेव्हा बाबांना एक ‘नाही’ लिहून दे. तुझ्याच चालीत चालेल. फक्त ओळ तिथेच संपू दे, त्याच्यापुढे काही नको.

तुझीच, चिडलेली आणि वाट बघणारी,
ताई