पाय पसरण्यापुरती जागा

ता. १२ जानेवारी

चि. खिळोबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला तू विसरतोस आणि वर मलाच विचारतोस की फरक का पडत नाही! बाटलीत राहून थेंब कुणाचे डोळे बरे करत नाहीत, राजा. जेवायला विसरतोस का कधी? मग जेवणाआधी घालत जा.

आता कामाचं. माझ्या वॉर्डात एक पहारेकरी आहे. इतका उंच की आमची कडक मेट्रनसुद्धा त्याला लंबूशेठ म्हणते. त्याचे पाय कॉटच्या बाहेर येतात, झाडणारी बाई रोज त्यांना धडकते आणि रोज माफी मागते. तो म्हणतो, बाई, चूक पायांचीच आहे. जन्मभर गोदामावर रात्रपाळी केली आणि दिवसा तिथल्याच चौकीत झोपला, गुडघे पोटाशी घेऊन. पुढेमागे कुणी नाही. फुप्फुसं गेली आहेत, डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

काल मला म्हणाला की सिस्टर, एक मागू का? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते त्याने आयुष्यभर पाळलं, पण तेवढं अंथरूण काही मिळालं नाही. मेल्यावर तरी पाय पसरून झोपायचं आहे, सरळ, एखाद्या साहेबासारखं. मी म्हटलं, एवढंच ना? माझा भाऊ शवपेट्या करतो. मग काय, लगेच माप घ्यायला लावलं. बँडेजचा गुंडाळा आणला, एक टोक त्याने स्वतः डोक्यावर धरलं, आणि बूट घालणार असाल तर वीतभर जास्त धरा म्हणाला. ती पट्टी त्या मापाला कापून सोबत पाठवते आहे. मी त्याला शब्द दिला आहे, म्हणजे तुझ्या जिवावर दिला आहे. पेटी करून ठेव, निरोप आला की पाठव.

बाबांना सलाम, तुझ्या घरच्या मालकिणीला आशीर्वाद, पिल्लांना पापे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
ताई


ता. २० जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

थेंब चालू केले आहेत. बाबा आता डोळ्यांपेक्षा माझ्यावरच जास्त नजर ठेवतात.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. चर्चच्या मंडळीच्या नव्या सभागृहाची दारं माझ्याकडे आहेत. पाळकसाहेब रोज येतात आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्रत्येक दारावर टकटक करून बघतात, जणू आतून कुणी उघडणार आहे. लाकूड चांगलं आहे ना, एवढंच विचारतात. रोज तेच.

तुझ्या लंबूशेठची पेटी तयार आहे. कोपऱ्यात उभी आहे, निरोप आला की टेम्पोत घालतो. माप बघितलं, काळजी करू नकोस. शब्द देणारी तू आणि घाम गाळणारा मी, हे लहानपणापासूनचंच आहे.

बाबांनी विचारलं की माप घ्यायला कधी गेला होतास. म्हटलं, आता मापं टपालाने येतात. त्यांची जुनी रीत तुला ठाऊकच आहे. मेलेल्या माणसाच्या घरी जायचं, टोपी काढायची, जरा माप घेतो हं, असं त्या मेलेल्याला विचारायचं आणि मगच दोरी लावायची. मी म्हटलं, बाबा, पेटी आखूड झाली म्हणून तक्रार घेऊन दुकानात आलेलं गिऱ्हाईक अजून मी पाहिलं नाही. मी आणि बायको खूप हसलो. बाबा हसले नाहीत.

तब्येतीला जप. दुसऱ्यांची उस्तवार करता करता स्वतः कॉटवर पडू नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा
खिळोबा


ता. १९ फेब्रुवारी

चि. भावास,
आशीर्वाद.

पेटी मिळाली. दफन काल दुपारी झालं. टेम्पोवाल्याला चहा दिला. बाबांचे थेंब संपले असतील तर कळव. कामात आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

हे पत्र आहे की तार? मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. खिळोबा नाही, पिल्लांचे पापे नाहीत, एक ओरडासुद्धा नाही. बायकोने विचारलं की ताईंशी भांडलात का.

ताई, पेटी आखूड पडली का?

विचारतो, कारण तुझी ती पट्टी मी उलगडलीच नव्हती. माप बघितलं असं लिहिलं ते खोटं होतं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी पालिका माझ्याकडून पेट्या घेते. त्या मी सवडीने एकाच मापाच्या करून कोपऱ्यात रचून ठेवतो. त्यातलीच एक त्याच्या नावाने धरली. दारांची घाई होती. मनात म्हटलं, थोडं इकडेतिकडे झालं तर झालं, आजवर कुणी बोललं नाही. पाहिजे तर पुन्हा करू, असंही म्हटलं. मग तुझा निरोप आला तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि मी ती चढवून दिली.

परवा बाबांनी विचारलं की त्या उंच माणसाचं नीट झालं का. मी हो म्हटलं. तेव्हापासून जेवताना त्यांच्या समोर बसत नाही.

काय झालं ते लिही. चार शिव्या घाल, हक्काने घाल, पण असं परक्यासारखं लिहू नकोस.

तुझा
खिळोबा


ता. ५ मार्च

चि. खिळोबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिव्या घालायच्या तर आधी मला घालाव्या लागतील, म्हणून हात चालत नव्हता. विचारलंच आहेस, तर ऐक.

शवागारात पेटी उतरवली तेव्हाच मला दिसलं. त्याला आत ठेवायला गेलो तर डोकं एका टोकाला टेकलं आणि पाय दुसऱ्या टोकावरून बाहेर. बूट मी स्वतः पुसून घातले होते. बाहेर गाडी उभी होती, पाळकांना पुढे एक लग्न लावायचं होतं, ते दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. शवागाराचा माणूस म्हणाला की सिस्टर, हे नेहमीचंच आहे, गुडघे वाकवले की मावतं. मी म्हणायला हवं होतं की थांबा, पेटी परत जाईल, उद्या दुसरी येईल. बर्फ होता. काही बिघडत नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला खोळंबा करणारी बाई व्हायचं नव्हतं.

बूट काढले. एक गुडघा शवागाराच्या माणसाने धरला, एक मी. ते सहज वाकले नाहीत, जोर लावावा लागला. मी लावला. मग त्याला कुशीवर वळवलं, आणि तो चौकीत झोपायचा तसाच दिसायला लागला. वर झाकण ठोकलं.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं ठाऊक आहे? आत्मा देवाकडे गेला, हे नुसतं शरीर. इतकं धार्मिक वाक्य इतक्या हलक्या कामासाठी मी आयुष्यात वापरलं नव्हतं. दर रविवारी उभं राहून आपण म्हणतो की शरीराचं पुनरुत्थान होईल. देव स्वतः शरीर घेऊन आला. क्रूसावर मेल्यावर त्यालाही दुसऱ्याच्याच कबरीत ठेवलं, पण तागाच्या कापडात गुंडाळून, सुगंधी द्रव्यं लावून ठेवलं. घडी घालून कोंबलं नाही. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे हे मला शाळेपासून तोंडपाठ. हातांना मात्र पाठ नव्हतं.

दफनाला मी गीत म्हटलं. आवाजही छान लागला. मेट्रनने कौतुक केलं, आणि मी आभार मानले! ते आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

तुझ्यावर मी रागावले आहे, नाही म्हणत नाही. पण पेटी तुझी होती आणि दाबणारे हात माझे. बाबांना खरं सांग. मलाही तोंड नाही, पण तू त्यांच्याजवळ आहेस.

पिल्लांना पापे. लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.

तुझी
ताई


ता. १४ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र कारखान्यात वाचलं आणि पुढचं दार लावून घेतलं. पट्टी शोधली, उलगडली, कोपऱ्यातल्या एका पेटीवर लावली. किती कमी पडते ते लिहवत नाही.

मग आठवलं, हे एकच माप मी काढलं कुठून. पालिकेचं पहिलं काम आलं तेव्हा शवागारात जायचा कंटाळा आला होता. मी फळीवर आडवा झालो आणि बायकोला पेन्सिलीने खूण करायला सांगितलं. ताई, ते माझं माप आहे. ज्यांचं कुणी नाही ते सगळे मी स्वतःएवढे धरले, आणि ते त्यात बसत नसतील हे मनातही आणलं नाही. बुटके आत हेलकावत गेले असतील. उंचांचं काय केलं असेल ते आता मला कळलं.

मी त्या पेटीत झोपून पाहिलं. मला अगदी शिवल्यासारखी बसली. मग कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले, तर श्वास कोंडायला लागला. तेवढ्यात मागच्या दाराने बाबा चाचपडत आले. पेटीच्या कडेवरून हात फिरवता फिरवता त्यांच्या हाताला माझा गुडघा लागला. ते थबकले. त्यांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले की माफ करा हं, माझ्या मुलाने तुम्हाला फार अवघडून ठेवलंय.

मला हुंदका आवरला नाही. आवाज ओळखून ते खाली स्टुलावर बसले. मी तसाच पडून सगळं सांगितलं. त्यांना नीट दिसत नाही म्हणून तर सांगता आलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की हातात रंधा धरायला मीच शिकवलं, माणसापुढे टोपी काढायला शिकवायचं राहिलं असेल. तसं नाही, ताई. त्यांनी शिकवलं होतं. मी हसलो होतो.

कोपऱ्यातल्या सगळ्या पेट्या मोडल्या. आता पालिकेचं काम आलं की मी स्वतः जाऊन माप घेणार आहे. कारकून म्हणतो की इतकं कोण बघतं?

माझी एक विनंती आहे. तुमच्या तिथल्या पाळकांना विचारून कबर पुन्हा उघडता येईल का? मी सागवानी पेटी करून स्वतः घेऊन येतो. तेही नाहीच जमलं, तर त्या दफनभूमीत नसेल एवढा मोठा क्रूस घडवतो. काहीतरी करू दे. झोप लागत नाही.

तुझ्या लोभाला पात्र नाही, तरी मागतो.

खिळोबा


ता. २४ मार्च

चि. खिळोबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांचं वाक्य वाचून मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडले. बरं वाटलं नाही, पण रडले.

पाळकांना विचारलं, आणि त्या दिवशी आत काय झालं तेही सांगितलं. ते म्हणाले की परवानगी मिळणार नाही, आणि आपल्या मनाच्या शांतीसाठी त्याला दुसऱ्यांदा हलवणंही बरोबर नाही. मला आधी राग आला, मग पटलं. क्रूसही नको. त्याने क्रूस मागितला नव्हता. मोठा क्रूस उभारून आपण मोकळे होऊ, आणि तो आत तसाच राहील. देव क्षमा करील, यावर माझा विश्वास आहे. शेवटच्या दिवशी तो त्याला सरळ उभं करील, यावरही आहे. पण ते देवाचं काम झालं. आपल्याला सांगितलेलं आपण केलं नाही, ते टोचत राहू दे.

आता जे तुला सांगायचं आहे ते पाळकांनाही सांगितलेलं नाही. काल लंबूशेठच्या कॉटची चादर बदलत होते. पायथ्याच्या लोखंडी दांड्यांवरचा रंग दोन जागी घासून गेला आहे. तिथून त्याचे पाय बाहेर यायचे. सबंध हिवाळा तो त्या कॉटवर होता. सकाळी घोट्यांवर वळ असायचे, मी तेल लावायचे आणि वर थट्टा करायचे की देवाने तुम्हाला मोजताना डुलकी घेतली असणार. तोही हसायचा. खिळोबा, माझा सख्खा भाऊ सुतार आहे. दांड्या काढून एक फळी जोडायची, त्यावर उशी टाकायची, तुझं अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मेल्यावर तरी, असं तो म्हणाला, आणि जिवंतपणी का नाही हे मी त्याला विचारलं नाही. मरणासाठी पेटी मागताना मला फार चांगलं केल्यासारखं वाटलं होतं.

तू आखूड पेटी पाठवली नसतीस, तर हे मला कधी कळलंही नसतं. हे तुझं समर्थन म्हणून लिहीत नाही.

त्या कॉटवर आता एक बेकरीवाला आला आहे. बुटका आहे, त्याला फळीची गरज नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो, कुणाशी बोलत नाही. त्यालाही काहीतरी हवं असणार. रोज विचारायचं ठरवते आणि लाज आडवी येते, की मी कोणत्या तोंडाने विचारू? तू ये. बाबांनाही आण. हत्यारं आण किंवा आणू नकोस. त्याच्या कॉटजवळ बसू आणि विचारू.

राग आहे तसा लोभही आहे, दोन्ही सांभाळून ये.

तुझी
ताई