गिटारीचे तीन साज

मी, परसराम ताराचंद लांजेवार, वय वर्षे सत्तावन्न, धंदा खराद म्हणजे लेथ मशीनवरचे काम, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी ठिकाणावर नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी तिचा फोटो पाहून जे सांगितले ते मी घरात कोणाला सांगितलेले नाही. मला हे लिहायला कोणी बसवले नाही, कोणी काही मागितले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे, ते या कागदात आहे आणि तसेच व्हावे.

एक. धान्यबाजाराच्या मागचे दोन खोल्यांचे घर माझी विधवा बहीण बायजाबाई हिचे. ती आहे तोवर तिला तिथून कोणी उठवू नये. तिच्यामागे ते तिचा मुलगा भोजराज याला मिळावे. बँकेच्या पासबुकात जे असेल ते बायजाबाईच्या औषधपाण्याला. उरले तर तिने तिच्या मर्जीने वापरावे, मुलाला विचारण्याची गरज नाही.

दोन. घराला लागून असलेले टिनाचे शेड, त्यातले खराद मशीन, ड्रिल मशीन आणि सगळी हत्यारे खुशाल याला द्यावीत. खुशाल माझ्याकडे एकोणीस वर्षे कामाला आहे. तुमसरमधल्या निम्म्या राईस मिलचे शाफ्ट त्याच्या हातून गेले आहेत. मशीनचा पट्टा पावसाळ्यात सैल पडतो हे त्याला माहीत आहे. माहीत नसलेली एकच गोष्ट सांगतो: मिलवाला कितीही घाई करो, माप दोनदा घ्यावे.

तीन. भोजराजने त्याच्या मेहुण्याच्या लग्नात चार लोकांत सांगितले की मामाने लोखंडाशीच लग्न लावले. लोक हसले. मीही हसलो. पण ते मी विसरलेलो नाही, आणि घर त्याला देताना हे लिहून ठेवावेसे वाटले. एवढेच. त्याने मनाला लावून घेऊ नये.

चार. आता त्या वस्तूबद्दल, जिच्यासाठी खरे म्हणजे मी हा कागद लिहायला घेतला.

आतल्या खोलीत खिडकीपाशी कापडाखाली झाकलेली एक गिटार आहे. ती उभ्याने गळ्यात अडकवायची नाही. चार पायांवर टेबलासारखी आडवी उभी राहते, दहा तारा आहेत, खाली तीन पेडल आहेत. वाजवणारा खुर्चीवर बसतो, डाव्या हाताने तारांवरून पोलादाची कांडी सरकवतो आणि पायाने पेडल दाबतो. मोहल्ल्यात तिला पायवाली गिटार म्हणतात. ती मी बनवली. शकुनबाईंसाठी बनवली.

शकुनबाई १९७३ साली तुमसरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. वडील रेल्वेत होते, बिलासपूरला असताना तिथल्या एका बंगाली शेजाऱ्याकडून त्या मांडीवर ठेवून वाजवायची गिटार शिकल्या. आई गेल्यावर वडिलांचे करता करता त्यांच्या लग्नाचे वय मागे पडले, आणि वडील गेल्यावर त्या भाऊ केशवराव यांच्याकडे तुमसरला आल्या. एका रविवारी त्यांच्या गिटारीची तार पिळायची खुंटी तुटली. गावात ती कुठे मिळणार? कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवले. मी पितळेची नवी खुंटी कातून दिली. त्यांनी तिथेच, शेडमध्ये, खुर्चीवर बसून तार लावून पाहिली. चालू मशीन मी बंद केले. तोवर गिऱ्हाईक आले म्हणून मी कधी मशीन बंद केले नव्हते.

पुढच्या वर्षी त्या एका परदेशी मासिकातला फोटो घेऊन आल्या. पायवाली गिटार. विचारले, असं बनवता येईल का. मी हो म्हटले आणि मग बनवायला लागलो. सागाची फळी, सायकलच्या स्पोकसारख्या सळ्या, लोखंडाचे पेडल. आवाज पकडायचे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे गुंडाळे रेडिओ दुरुस्तीवाले भैयाजी यांनी जमवले. सव्वा वर्ष गेले. १९७५ च्या दिवाळीत गिटार वाजली. मांडीवरच्या साध्या गिटारीत कांडी सरकवली की सगळे सूर सोबत सरकतात. हिच्यात पेडल दाबले की एकच सूर चढतो, बाकीचे जागेवर थांबतात, आणि तो हळूहळू त्यांच्याकडे जातो. शकुनबाईंनी तो सूर दोन-तीनदा काढला आणि म्हणाल्या,

“कोणी कोणाले बोलावून राहिलं, असं वाटते.”

मी खाली वाकून पेडलचा स्क्रू आवळला.

आता काम उरले ते फक्त दिसण्याचे. खुंट्या, पेडल, दोन टोकांच्या पट्ट्या, पाय, झाकणे, स्क्रू: डोळ्याला दिसणारे हे सगळे मी तात्पुरते कच्च्या लोखंडाचे लावले होते. हा साज कसला करायचा? फोटो काळा-पांढरा होता. त्यात हे भाग चमकत होते, पण चमक चांदीसारखी की सोन्यासारखी, ते कळत नव्हते. मी म्हटले, पाहून ठरवू.

पहिला साज निकेलचा केला. नागपूरला नेऊन मुलामा चढवून आणला. शकुनबाईंनी खुंटी बोटात फिरवली आणि म्हणाल्या की यात माझंच तोंड दिसते, मी वाजवू की पाहू? दुसरा साज पितळेचा. भंडाऱ्याच्या कारागिरांकडून ओतून आणला आणि मशीनवर कातला. त्या म्हणाल्या, घरी भांडी घासतेच, आता गिटारही घासू का? तिसरा साज काळा: पोलाद तापवून तेलात बुडवले की त्यावर निळसर काळा रंग धरतो, तसा. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. चांगला आहे म्हणाल्या, पण छत्रीच्या दांड्यासारखा दिसतो.

मग मिसळून पाहू म्हटले. पाय काळे, खुंट्या पितळी. पेडल निकेलचे, पट्ट्या काळ्या. बाकावर धुतलेले धोतर पसरून मी तिन्ही साज मांडून ठेवायचो. त्या दर रविवारी बाजार झाला की यायच्या, पिशवी दाराशी ठेवायच्या आणि एकेक तुकडा उचलून गिटारीला लावून पाहायच्या. कधी म्हणत खुंटीचे टोक गोल हवे, कधी म्हणत चपटे बरे होते. मी पुढच्या रविवारपर्यंत तसे करून ठेवायचो. भैयाजी म्हणाले, एवढ्या दिवसांत राईस मिल उभी झाली असती. बरोबर होते त्यांचे. मी एका दिवसात होणारे काम आठवडाभर पुरवत होतो. एकदा तर चांगली जमलेली खुंटी मुद्दाम थोडी जास्त कातली, म्हणजे ती बसणार नाही आणि नवी करावी लागेल. असा वाईट हात मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्या कामाला लावलेला नाही.

१९७६ च्या चैत्रात केशवराव शेडमध्ये आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. लोक बोलू लागले आहेत, असे म्हणाले. गोंदियाचे स्थळ आले आहे, माणूस बिजवर आहे पण घर चांगले आहे. त्यांची जात वेगळी, आमची वेगळी, हे ते बोलले नाहीत. मग ते म्हणाले,

“परसरामजी, तुमाले काही म्हणायचं असन तं आज म्हणा. मी ऐकून घेतो.”

मी म्हटले, पंधरा दिवसांत काम पुरे करून देतो.

ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्या रविवारी शकुनबाई आल्या. त्यांनी धोतरावरचे काही उचलले नाही. आता काय बाकी आहे, विचारले. मी म्हटले, खुंट्यांची टोके. अजून? मी म्हटले, बस, तेवढेच. त्या बरं म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. लग्न वैशाखात झाले. मला पत्रिका आली होती. मी त्या दिवशी वरठीला एका राईस मिलच्या कामाला गेलो. तसे काही काम नव्हते.

गिटार न्यायला कोणी आले नाही आणि मीही पोचवली नाही. तुमसर रोड स्टेशनहून गोंदिया पॅसेंजरने तासाभराचे आहे. दहा वर्षांत मी त्या गाडीत बसलो नाही. नागपूरचे एक ऑर्केस्ट्रावाले गिटार मागायला आले, त्यांना नाही म्हटले. साज एकही चढवला नाही. कोणता चढवायचा ते ठरले नव्हते, आणि एकट्याने ठरवायचे नव्हते.

पाच. माझ्या मृत्यूनंतर ही गिटार तिच्या तिन्ही साजांसह शकुनबाई यांना मिळावी. कोणता साज लावावा याबद्दल त्यांना कोणी सल्ला देऊ नये.

सहा. केशवरावांवर माझा दहा वर्षे राग होता. रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूला जात असे. तो राग मी या कागदाने सोडतो, कारण लिहिताना लक्षात आले की तो त्यांच्यावरचा नव्हताच. त्यांनी मला विचारले होते.

इथवर मी ९ नोव्हेंबरच्या रविवारी लिहिले. दुसऱ्या दिवशी केशवरावांच्या घरी गेलो आणि कलम पाच वाचून दाखवले, कारण लग्न झालेल्या बाईच्या नावाने काही लिहायचे तर तिच्या माणसांना आधी कळवावे. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, पत्र नका लिहू, मीच जाऊन सांगतो. आज, १६ तारखेला, काय झाले आणि त्यामुळे वरच्या मजकुरात काय बदलले, ते खाली लिहितो.

सात. आज दुपारी केशवराव शकुनबाईंना घेऊन आले. बाईंचे केस पांढरे झाले आहेत. चष्मा लागला आहे. बायजाबाईने चहा केला. घरी सगळे ठीक आहे, माणसे चांगली आहेत, सावत्र मुलीचे लग्न झाले, हे त्यांनी सांगितले. मी माझे सांगितले. छातीचेही सांगितले. बायजाबाईलाही ते तेव्हाच कळले.

मग त्या आतल्या खोलीत गेल्या, कापड काढले आणि बसल्या. तारा जुन्या, सूर उतरलेले. त्यांनी ते लावायला वेळ घेतला. दहा वर्षे हात लावला नाही म्हणाल्या, गोंदियात कोणाला माहीतच नाही की मी वाजवत होते. सुरुवातीला कांडी घसरली. मग घसरली नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. केशवराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

वाजवणे थांबल्यावर मी तिन्ही साज धोतरावर मांडले. त्यांनी पाहिले आणि माझ्याकडे वळल्या.

“तुमाले कोणता आवडते? तुमी कधी सांगितलंच नाही.”

“पितळेचा,” मी म्हटले.

“मले बी. पहिल्याच दिवशी आवडला होता.”

“मंग म्हटलं काहून नाही?”

“म्हटलं असतं तं तुमी बसवून मोकळे झाले असते.”

 मग मी पेचकस घेतला आणि पितळेचा साज चढवला. त्या एकेक स्क्रू हातात देत होत्या. पितळ काळवंडले होते, ते त्यांनी चिंच लावून पुसले. चार वाजता काम पुरे झाले.

मी म्हटले, आता घेऊन जा, कागदाची गरजच नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ही एवढी वस्तू घरात गेल्यावर कोणी दिली, कशासाठी दिली, काय सांगू, असे म्हणाल्या. घरधनी भला माणूस आहे, त्याला या वयात विचारात पाडायचे नाही. आणि तुमच्यामागे आली तर आणखीच सांगता येणार नाही. माझे नाव काढून टाका.

म्हणून कलम पाच मी रद्द करतो. गिटार मी आहे तोवर माझ्याकडे राहील. माझ्यामागे ती तुमसरच्या मुलींच्या त्या शाळेला द्यावी, जिथे शकुनबाई शिकवत होत्या. कपाटात कुलूप लावून ठेवायची असेल तर देऊ नये. ज्या मुलीला वाजवावेसे वाटेल तिला वाजवू द्यावी. साज पितळेचाच राहावा, तो आता ठरलेला आहे. निकेलचा साज भोजराजला, त्याला चकाकी आवडते. काळा खुशालने ठेवावा किंवा मोडीत घालावा.

आठ. या कागदावर दोन साक्षीदार लागतात. भैयाजी पहिले. ते पाच वाजता आले. दुसरी सही केशवराव करणार होते. शकुनबाईंनी विचारले की मी केली तर चालेल का. वकिलांनी मला आधीच सांगितले होते की ज्याला कागदातून काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. मी विचार केला. त्यांना आता या कागदातून काहीच मिळत नाही, तेव्हा चालेल असे सांगितले. गोंदियाला जाणारी गाडी सहानंतर आहे. तेवढ्यात सह्या होतील.

आमच्या दोघांची नावे एका कागदावर येण्याची ही पहिलीच वेळ आहे. हे कागदात लिहायचे नसते हे मला माहीत आहे. लिहिले आहे.

ठिकाण: तुमसर, जिल्हा भंडारा
तारीख: १६ नोव्हेंबर १९८६, रविवार

(सही) परसराम ताराचंद लांजेवार

परसराम लांजेवार यांनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला व आमच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिले: (सही) भैयाजी निंबार्ते, रेडिओ दुरुस्ती, राहणार तुमसर

साक्षीदार दुसऱ्या: (सही) शकुनबाई, राहणार गोंदिया. लिहून देणाऱ्यास १९७३ सालापासून ओळखते.