साबुदाण्याएवढी वाटी

ता. १० जानेवारी १९८५, गुरुवार. नाहूर
आले: मेंढी फार्मवरून खोके १, एस.टी. पार्सलने. आत लोकर कापायच्या मशीनचे हँडपीस ६, हातात धरायचे. शिवाय मोडके १, सुट्या भागांसाठी. हमाली २ रु. रॉकेल रेशनच्यातलेच बाजूला काढले. दात घासायचा जुना ब्रश आहे, नवा नको. पॉलिश पेपर ३, दीड रु.
आज उपास. मोजून, हळदकुंकू लावून खोके पुन्हा बंद केले. लोकरीचा ओशट वास घरभर. शेजारच्या सुमनताई दारातूनच, "काय गं, उदबत्ती देवाला आणि घरात मेंढरू? धनगर झालात की काय?"
हसले. खोके पलंगाखाली सरकवले. दर खेपेला तिथेच.

ता. १२, शनि.
खरे ते इथेच लिहिते. ह्यांचा उजवा हात आता चहाची बशीसुद्धा धरत नाही, थरथरतो. गिरणीत वीस वर्षे फिटर होते, त्या नावावर फार्मचे साहेब काम देतात. नाव सांगितले वसंताने, माझ्या धाकट्या भावाने. तो तिथे लोकर कापायच्या कामावर आहे. उघडणे, रॉकेलने धुणे, जोडणे सगळे मी करते. हे शेजारी बसून सांगतात. "फणी आधी. तिच्यावर पाते. पाते फणीच्या पुढे गेलं की मेंढीचं कातडं फाटलंच समज. आता पात्याला दाबणारा पंजा. पंज्यावर ही दाण्याएवढी वाटी, वाटीत खिळी, वरून ताणाचा नट. आवळू नको इतका, भाकरी थापतेस काय?"
दोन झाली, जोडण्याच्या क्रमाने नंबर घातले. हे वसंतालाही ठाऊक नाही.

ता. १४, संक्रांत
तिसरे जोडत होते, सुमनताईंनी हळदीकुंकवाला हाक मारली. तशीच उठले. नखे काळी, पदराआड हात लपवून वाण घेतले. परत येऊन पुरे केले. मग चौथे.
वसंता दिवाळीला आला होता तेव्हाचे आठवत राहते. तो नेहमीसारखा हसतच सांगत होता. "ताय गो, मशीन अडाकली काय हातातल्या हातात सापासारखी वळता. सोडूक जमना नाय, धरूक जमना नाय." मागच्या हंगामात एकाची अंगठ्याची शीर तुटली म्हणाला. म्हणून प्रत्येक नट फिरवताना गावच्या रवळनाथाचे नाव घेते. एकदाही चुकवले नाही.

ता. १७, गुरु.
घरातल्या जुन्या मोटारीला लावून सहाही चालवली. एकेक मिनिट. हे कान लावून बसले, डोळे मिटून. सहाव्यानंतर म्हणाले, "झालं. बांध." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळ.
सातवे मोडके तसेच उरले, त्यातला फक्त एक स्क्रू लागला. भंगारवाला आला होता, डब्यांबरोबर देऊन टाकले. घरात अडगळ नको.

ता. १८, शुक्र.
खोके रवाना. पावती देव्हाऱ्यात. सुटल्यासारखे वाटले. रात्री झोप लागली.

ता. २१, सोम.
काय लिहू.
सकाळी भाग पुसायचे फडके धुवायला घेतले, झटकले तर मोरीत टिंग असे वाजले. वाटले उपासाचा साबुदाणा. उचलला. लोखंड. वाटी.
सहांच्या सहा, सातव्याची एक. एकूण सात. ही कोणाची? सातव्यातली मी काढली नव्हती, असे वाटते. वाटते म्हणजे काय? काढलीही असेल. देवा, काढलेली असू दे.
ह्यांना बोलले नाही. भात करपला.

ता. २२, मंगळ.
मोडके सापडले तर कळेल. त्याच्यात वाटी नसेल तर ही त्याचीच, आणि वसंता सुखरूप. भांडुपला त्या भंगारवाल्याचे दुकान शोधत गेले. गुडघाभर लोखंडात उभी. तो म्हणाला, "बाई, एवढ्याशा तुकड्यासाठी रडता काय? सोन्याचा हाय काय?" भाऊ हे मशीन हातात धरून काम करतो, म्हटले. मग स्वतः खाली बसला, पोराबाळांच्या मोडक्या सायकली बाजूला केल्या, दीड तास हुडकले. सापडले.
त्याच्याच पान्याने नट काढला. 
वाटी आत होती. गंजून बसलेली. नखाने हलेना.
म्हणजे सहापैकी एकात नाही.

ता. २३, बुध.
ह्यांना सांगितले. "सहाही चालली. मी कानाने ऐकली."
"मोकळी चालली. लोकरीत दाबली की?"
वाटी मागून डाव्या हातात घेतली. मग स्वतःच म्हणाले, खिळी नुसत्या पंज्यावर टेकून राहील दिवस, दोन दिवस, आठ दिवस. केव्हातरी घसरेल. ताण सुटेल, पाते उडेल.
केव्हातरी.
फार्मच्या ऑफिसला तार केली, ह्यांच्या नावाने. मशीन वापरू नका पत्र येते. वाटीचे लिहू दिले नाही. "घरातलं घरात राहू दे."
संध्याकाळी रवळनाथाला गाऱ्हाणे घातले. गावी वडील घालायचे तसे, मोठ्याने. चूक असात ती माझी, त्याच्या हाताक लावू नको, असे.  पुढचे आठवेना.

ता. २५, शुक्र.
तारेला उत्तर नाही. वसंताचे कार्ड आले, २१ तारखेचे. जसेच्या तसे:
"ताय, मशिनी पोचल्या. आम्ही गाडी घेऊन धनगरांच्या वस्त्यांवर फिरतोय, आज इथे उद्या तिथे, पत्ता धड नाही. मी तीन नंबर घेतली. लोण्यासारखी चालते. भावोजींच्या हाताक देवान काय दिल्यान! सगळ्यांना तेच सांगतो."
तीन नंबर. संक्रांतीला हाक आली तेव्हा हातात तिसरेच होते. उठण्यापूर्वी वाटी घातली होती की उठून आल्यावर घालणार होते, चार दिवस हेच डोक्यात. कधी स्पष्ट दिसते घालताना. कधी फडके दिसते.
तार ऑफिसातल्या टेबलावर पडली असणार. हे म्हणाले, "मी जातो." कुठे जाणार? कोणती वस्ती?
जिन्यात पाऊल वाजले की तारवाला वाटतो. कार्ड ह्यांना वाचून दाखवले. देवान काय दिल्यान, तिथे आल्यावर उठून बाहेर गेले.

ता. २६, शनि.
साहेबांना पत्र. ह्यांनी मजकूर सांगितला: वाटेत हिसके बसून भाग सैल झाला असण्याचा संभव आहे.
मी लिहिले नाही. "संभव वाचून कोण गाडी थांबवील?"
"खरं लिहिलंस तर पुढचं खोकं येणार नाही. बाईने जोडलेलं मशीन कोण हातात धरील?"
"आणि नाही लिहिलं तर वसंता धरून बसलाय."
मी भांडी घासायला घेतली.  शेवटी तेच म्हणाले, "वाटी पाकिटात घाल. कुठे बसते त्याचं चित्र काढ, नाहीतर तिथे कोणाला समजणार नाही." चित्र काढले. "पंजा असा असतो? बदकाचा काढलायस." पुन्हा काढले.
आज पोस्ट बंद. ठाण्याला स्टेशनातल्या टपालखिडकीवर घेतात म्हणून हे स्वतः निघाले आहेत, पाकीट बंडीच्या आतल्या खिशात. मजकूर माझ्याजवळ असावा म्हणून उतरून ठेवते:

"मा. साहेब यांसी सा. न. वि. वि.
सोबतची वाटी आपल्या सहा हँडपीसपैकी एकात बसवायची राहिली आहे. कोणत्या ते मला सांगता येत नाही. तरी सहाही ताबडतोब थांबवून नट काढून पाहावेत. तीन नंबर आधी पाहावा. चूक वाटेतल्या हिसक्यांची नाही, यजमानांचीही नाही. त्यांचा हात चालत नाही. गेल्या वर्षापासूनची सर्व जोडणी मी केली आहे. पुढे काम द्यावे की नाही हे आपण ठरवावे, त्याबद्दल विनंती नाही. विनंती एकच. वसंता ज्या वस्तीवर असेल तिथे आजच्या आज माणूस पाठवावा, आणि मशीन थांबल्यावर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात. त्याने स्वतःच्या उजव्या हाताने लिहाव्यात. दुसऱ्याने लिहिलेले नको. कृपा करून उलट टपाली कळवावे."