माळावरचे पांढरे दगड

ता. ३ फेब्रुवारी १९३३
परत गेल्यावर सोलापुरात करायच्या भाषणाची सुरुवात चालता चालताच सुचली: ‘पायी चालणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो! मोटारींसाठी सडका झाल्या. तुमच्या पाऊलवाटा मात्र नांगराखाली गेल्या, आणि कुणी हूं की चूं केले नाही!’ टाळ्या पडणार.

वाट-सेवा मंडळाचा स्वयंसेवक म्हणून मंद्रूपपासून दोन कोसांवरच्या या धनगरवस्तीत आलो आहे. वस्ती ते मंद्रूप ही वाट तपासायची, काटे तोडायचे, खुणेच्या दगडांना चुना फासायचा. म्हाताऱ्या धुळाच्या घरी उतरलो. चुन्याची बादली पाहून तो म्हणाला, “मास्तर, माळाचं लगीन हाय व्हय?” त्याची सून गोजाबाई मराठी तिसरी शिकलेली. भाकरी-शेंगाचटणी वाढून ती माझी ही वही अडखळत वाचते आणि अक्षर लई घाण म्हणून हसते. दर बाजाराला तान्ह्या बिरदेवला कडेवर घेऊन ती लोणी विकायला याच वाटेने जाते. तिच्यासाठी तरी वाट चोख करीन.

ता. ५
अर्ध्या वाटेवर माळावर छातीएवढी दगडांची रास आहे. येणारा-जाणारा थांबतो, एक दगड ठेवतो, मागे न पाहता निघतो. धुळाने कारण सांगितले: जुन्या दुष्काळात एक वाटसरू तिथे पडला आणि ‘थांबा’ म्हणून दिवसभर ओरडत राहिला. कुणी थांबले नाही. “न थांबणारं आमचंच बाप-आजं व्हतं,” तो म्हणाला. तेव्हापासून प्रत्येकाने थांबायचे.

मी वस्तीला पाऊण तास सुनावले. मेलेल्याला दगड देऊन जिवंतांची वाट अडवता? दुपारी एकट्याने रास मोडली, दगड चुन्यात बुडवून थेट मंद्रूपपर्यंत मांडले. तळाशी माणूसभर लांबीचा खळगा निघाला. सारा माळ भेगाळलेला, आणि खळग्यातली माती ओली.

ता. ७
भर दुपारी पांढऱ्या दगडांच्या खुणेने मंद्रूपला निघालो. तासाभराने खळग्यापाशी पोचलो. तिथून पुन्हा निघालो, पुन्हा खळगाच. तिसऱ्या वेळी डोळे दगडांवरून काढून सूर्याकडे पाहत चाललो, तेव्हा गाव लागले.

ऊन लागले असावे. पण काठीने खळगा मोजला होता. बरोबर माझ्या उंचीचा.

ता. ९
काल धुळाची दोन मेंढरे खळग्यात मेलेली सापडली. अंगावर जखम नाही, तोंडात माती.

दिवसभर दगड वाहून रास पुन्हा रचली. आज सकाळी पाहतो तो सगळे दगड वाटेवर, जिथल्या तिथे. धुळा रागावला नाही, हेच वाईट. म्हणाला, “ज्यानं काढला त्येच्या हातचा ऱ्हात न्हाय, मास्तर. दुसऱ्यानं ठेवाय पायजे.” मग ठेव ना, म्हणालो. उद्या जातो, म्हणाला.

ता. ११
काल धुळा गेला.
हातात दगड होता. ठेवायच्या आधीच खळग्यात आडवा झाला. तोंडात माती. मी त्याला ओढून बाहेर काढले.

वस्तीपुढे हात जोडले: सगळे मिळून चला, एकेक दगड ठेवा. आयुष्यात प्रथमच माझे भाषण कुणी ऐकले नाही. गोजाबाई सुतकात.

ता. १३
सुतक आहे, तरी गोजाबाई उद्या बाजाराला जाणार म्हणते. घरात ज्वारी नाही. दुसऱ्या आडवाटेने जा म्हणालो. तिने विचारले, दुसरी कुठली? डोळे मिटले तरी पांढरे दगडच दिसतात, म्हणाली.
मलाही.

ता. १४, सकाळ
तिच्या आधी निघालो. खळगा आज लहान दिसतो. एका बाईच्या मापाचा. कडेवर मूल —
नाही. हे होऊ द्यायचे नाही.

दुपार
त्यात उतरलो आहे. मी असेपर्यंत तिला जागा नाही. माती गार. पाय हलत नाहीत —

ती दिसते. पाटी डोक्यावर, बिरदेव कडेवर. पळ म्हणून ओरडायला तोंड उघडले, आवाज नाही. पण माझाच आवाज मातीतून येतो आहे. भाषणातला. खणखणीत.
थांबा, म्हणतो. या, म्हणतो.
ती वळली —

छातीपर्यंत आली माती. एवढे लिहून वही तिच्या पायाशी फेकीन. तिला वाचता येते, माझे अक्षर —

गोजाबाई, मला बाहेर ओढू नकोस. धुळाला मी ओढले, खळगा पुन्हा रिकामा झाला, तीच चूक. माझा आवाज ऐकू नकोस. एक दगड उचल, माझ्यावर ठेव, आणि मागे न —